सल्ला: हिजाब, उपरणं आणि परिपत्रकावरची सही

पत्र

मी एका अनुदानित महाविद्यालयाची उपप्राचार्या आहे. प्राचार्यपद रिकामं असल्याने कार्यभार माझ्याकडे आहे. आमच्याकडे अकरावी-बारावीला गणवेश आहे, पदवीला नाही. काही मुली पहिल्यापासून हिजाब घालून येतात, दोघी चेहरा झाकणारा नकाबही घालतात. गेल्या महिन्यात काही मुलांनी त्यावर आक्षेप घेतला आणि पुढच्याच आठवड्यात डझनभर मुलं भगवी उपरणी घालून वर्गात बसली. आता संस्थेच्या सचिवांनी ‘आवारात धर्म दाखवणारं काहीही चालणार नाही’ असं एका ओळीचं परिपत्रक तयार करून पाठवलंय. खाली सही माझी हवी आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणि परीक्षेत ओळख पटवताना आम्हाला खरोखर अडचण येते, हे मान्य. एकदोन मुलींवर घरून सक्ती असावी, असंही वाटतं. सही करू का?

उत्तर

मॅडम, या मजकुराखाली सही करू नका. तुमच्या अडचणी खऱ्या आहेत, पण या एका ओळीने त्यातली एकही सुटत नाही. शिवाय उद्या न्यायालयात उत्तर द्यायची वेळ आली, तर ते सही करणाऱ्यालाच द्यावं लागतं.

आधी ही ओळ शब्दशः अमलात आणून पाहा. उद्या सकाळी प्रवेशद्वारावरचा शिपाई कुणाकुणाला अडवणार? हिजाब घातलेली मुलगी धर्म दाखवते, तर कुंकू, मंगळसूत्र, वारकरी घरातल्या मुलाच्या गळ्यातली तुळशीची माळ, हातातलं कडं, मनगटावरचा गंडा, शीख विद्यार्थ्याची पगडी, गळ्यातला क्रॉस यांचं काय? तुमच्या कार्यालयात सरस्वतीची तसबीर असेल आणि दरवर्षी तिची पूजा होत असेल, तर तिचं काय? मंगळसूत्र काढायला सांगणारा शिपाई तुम्हाला सापडणार नाही, आणि सापडूही नये. मग नियम कागदावर सगळ्यांसाठी आणि फाटकावर एकाच समाजाच्या मुलींसाठी, अशी स्थिती होते. समानतेचं कलम १४ नेमकं इथेच आडवं येतं. एक परिपत्रक वाचून न्यायाधीश जितकं ठरवतात, तितकंच त्याची अंमलबजावणी कशी झाली यावरूनही ठरवतात.

आता कायदा आज कुठे उभा आहे ते सरळ सांगतो. तो पूर्णपणे तुमच्या बाजूने नाही आणि मुलींच्याही नाही. संविधानाचं कलम २५ धर्म आचरण्याचं स्वातंत्र्य देतं. ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांतल्या इतर तरतुदींच्या अधीन आहे. म्हणजे मर्यादा आहेत, पण त्या मोजक्या आहेत. ‘वातावरण बिघडतं’ ही त्यातली मर्यादा नाही. वातावरण कुणामुळे बिघडतं हेही पाहावं लागतं. शांतपणे वर्गात बसलेल्या मुलीला दुसऱ्या कुणी घोषणा दिल्या म्हणून उठवलं, तर शिक्षा भलत्यालाच होते.

१९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला तुम्ही सचिवांना आवर्जून दाखवा. केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून १९८५ मध्ये शाळेतून काढलं होतं. ती ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहायची, फक्त गायची नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. त्या निकालातला तुमच्या कामाचा भाग असा की, शिक्षण खात्याच्या ज्या परिपत्रकांच्या आधारे कारवाई झाली त्यांना कायद्याचं बळ नव्हतं, आणि अशा कागदाने मूलभूत हक्क आवळता येत नाही. खात्याच्या परिपत्रकाची ही गत, तर महाविद्यालयाच्या एका ओळीच्या सूचनेची काय होईल?

दुसरी बाजूही तितकीच ठाम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वीच मुलींच्या शाळेतली डोक्यावरच्या रुमालाची बंदी योग्य ठरवली होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ ला गणवेशाच्या सक्तीला मान्यता दिली आणि हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही, असं म्हटलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायाधीशांत एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी उचलून धरली. न्या. सुधांशू धुलिया यांनी ती रद्द ठरवली आणि मुलीचं शिक्षण सुटता कामा नये, हा मुद्दा सगळ्यात वर ठेवला. प्रकरण मोठ्या पीठाकडे द्यायचं ठरलं.

तुमच्याशी सगळ्यात जवळचं प्रकरण चेंबूरच्या महाविद्यालयाचं. तिथल्या सूचनेत हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, स्टोल, बॅज असं सगळं बंद केलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ ला मुलींची याचिका फेटाळली. ९ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या सूचनेला अंशतः अंतरिम स्थगिती दिली. न्यायाधीशांनी सुनावणीत विचारलं की नावावरूनही धर्म कळतो, मग नावंही काढणार का, आणि टिळा लावलेल्या मुलीला अडवणार का. त्याच वेळी वर्गात बुरखा घालता येणार नाही, हेही स्पष्ट केलं. स्थगिती त्या एका महाविद्यालयापुरती आणि अंतरिम आहे, तिला शेवटचा निकाल समजू नका. पण तुमच्या सचिवांचा मसुदा त्या सूचनेहूनही ढोबळ आहे. तिथे निदान वस्तूंची यादी तरी होती.

या सगळ्यातून तुमच्यापुरतं व्यवहारात असं निघतं: जिथे गणवेश आहे तिथे न्यायालयं संस्थेला बरीच मोकळीक देतात. जिथे गणवेशच नाही, तिथे फक्त धार्मिक वस्त्र वेगळं काढून बंद करणं टिकवणं फार अवघड. म्हणून अकरावी-बारावी आणि पदवी यांना एकच नियम लावू नका.

एक चूक बहुतेक ठिकाणी होते, ती टाळा. मुलींना ‘तुमच्या धर्मात हे सक्तीचं आहे याचं मौलवींचं पत्र आणा’ असं सांगितलं जातं. तो तुमचा प्रांतच नाही. ‘अत्यावश्यक धार्मिक प्रथा’ ही कसोटी, म्हणजे धर्माला आवश्यक असेल त्याच प्रथेला संविधानाचं संरक्षण, १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून चालत आली. पुढे न्यायालयं स्वतःच धर्मग्रंथ उघडून काय आवश्यक आणि काय नाही हे ठरवू लागली, आणि त्यातून परस्परविरोधी निकाल आले. केरळ उच्च न्यायालयाच्या एकाच न्यायाधीशांनी २०१६ मध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला डोकं झाकून बसण्याची परवानगी दिली आणि २०१८ मध्ये खासगी शाळेच्या गणवेशाविरुद्धची मागणी नाकारली. धर्म तोच होता. बदललं ते ठिकाण: एकीकडे सरकारी यंत्रणेची एका दिवसाची परीक्षा, दुसरीकडे रोज चालणारी खासगी संस्था. या कसोटीचाच फेरविचार व्हावा असे प्रश्न २०१९ मध्ये शबरीमला प्रकरणातून मोठ्या पीठाकडे गेले, पुढे त्यासाठी नऊ न्यायाधीशांचं पीठ नेमलं गेलं. तेव्हा धर्मशास्त्राच्या वादात उतरू नका. कोण काय घालतं हे न विचारता, आपल्याला कशासाठी काय लागतं, एवढंच ठरवा.

प्रयोगशाळेपासून सुरुवात करा, कारण तिथे तुमची गरज निर्विवाद आहे. धोका डोकं झाकण्यात नाही, सुटं टोक आणि कापडाचा प्रकार यांत आहे. बर्नरवर वाकताना खांद्यावरून घसरलेलं टोक ज्योतीत जातं, मग ते हिजाबचं असो, ओढणीचं, उपरण्याचं, की वेणीचं. जॉर्जेट, पॉलिस्टर, नायलॉन ही कापडं पेटली की वितळून कातडीला चिकटतात. सुती कापडही जळतं, पण असं चिकटत नाही. म्हणून नियम असा लिहा: ‘प्रयोगशाळेत डोक्यावर किंवा गळ्यात घेतलेलं वस्त्र सुती व अंगाबरोबर असावं, त्याची टोकं अ‍ॅप्रनच्या आत खोचलेली असावीत, लांब केस बांधलेले असावेत.’ सुरक्षा चष्म्याचीही अडचण येते. रुमालाची घडी चष्म्याच्या कडेखाली आली की फट राहते आणि उडालेला थेंब आत जातो. घडी कपाळाच्या वर सरकवायची आणि चष्मा थेट कातडीवर बसवायचा. पट्टा रुमालावरून गेला तर चालेल, फक्त कापड निसरडं नको.

अजून एक तयारी कुणी करत नाही. आम्ल डोक्यावर किंवा मानेवर सांडलं तर वस्त्र त्या क्षणी काढावं लागतं आणि किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवावं लागतं. समोर मुलं असली की मुलगी काही सेकंद बिचकते, आणि तेवढ्यात इजा वाढते. नळाजवळ एक पडदा आणि कपाटात दोन स्वच्छ सुती रुमाल ठेवा. प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच तासाला हे सगळ्यांना सांगून ठेवा.

परीक्षेत प्रश्न दोन असतात: चेहरा ओळखपत्राशी जुळतो का, आणि कानात काही आहे का. केरळ उच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी दिलेली वाट तुम्हाला जशीच्या तशी वापरता येईल. अशा परीक्षार्थीने अर्धा तास आधी यायचं, महिला पर्यवेक्षकाने तपासायचं. ‘नीट’च्या सूचनांमध्येही धार्मिक पोशाख असणाऱ्यांना तपासणीसाठी लवकर यायला सांगतात. तुमच्याकडे एक बाजूची खोली द्या आणि दोन महिला कर्मचारी ठेवा. चेहरा ओळखपत्राशी ताडून पाहायचा, दोन्ही कान आणि मानेमागची बाजू पाहायची, नोंदवहीत वेळ आणि दोघींच्या सह्या. मग रुमाल पुन्हा बांधला की पेपर संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ठोस संशय आला तरच पुन्हा त्याच खोलीत. इथे चूक होते ती वेळेची. तपासणी पेपर सुरू झाल्यावर केली तर मुलीची दहा मिनिटं जातात आणि तक्रार रास्त ठरते. हीच तपासणी कान झाकणारे मोकळे केस, टोपी, पगडी यांनाही लावा. ‘कान झाकणारं काहीही’ एवढेच शब्द लिहा, धर्माचं नाव कुठेच नको.

नकाबाबाबत आमचं मत स्पष्ट आहे. वर्गात, परीक्षेत आणि ओळख पटवताना चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत उघडा असावा, ही मागणी वाजवी आहे. शिकवताना समोरच्याला कळलं की नाही हे चेहऱ्यावरून दिसतं, आणि वर्गात कोण बसलंय हे शिक्षकाला माहीत असायला हवं. पण फाटकापासून वर्गापर्यंत, ग्रंथालयात, उपाहारगृहात ही अट कशाला? त्या दोघींना वर्गाशेजारी महिलांच्या खोलीत नकाब काढून ठेवायची सोय द्या आणि हे आधी त्यांच्याशी बोलून ठरवा. नोटीस बोर्डावरून त्यांना कळता कामा नये.

गणवेश असलेल्या वर्गांसाठी तर वाट मळलेली आहे. केंद्रीय विद्यालयांच्या गणवेशात मुलींना ठरलेल्या रंगाचा रुमाल आणि शीख मुलांना पगडी घेता येते. त्याने गणवेश मोडत नाही. न्यायालयाने बंदीची मुभा दिली म्हणून बंदी घालायलाच हवी, असं थोडंच आहे?

उपरण्यांकडे येऊ. ‘दोन्ही बंद’ हा तोडगा कानाला न्याय्य वाटतो आणि तिथेच फसगत होते. एकीकडून आपण रोज घातलं जाणारं वस्त्र काढून घेतो, दुसरीकडून गेल्या आठवड्यात आक्षेप म्हणून आणलेलं. त्या मुलांवर एकदम कारवाई करू नका, गटाने बोलावूही नका, एकेकट्याला बोलवा. रोज उपरणं घ्यायचं आहे का, असं मनापासून विचारा. एखाद्याला खरंच घ्यायचं असेल तर पदवीच्या वर्गात घेऊ दे, प्रयोगशाळेतला सुट्या टोकांचा नियम त्यालाही आहेच. बंद काय करायचं, तर वर्गात घोषणा, झेंडे, संघटनेची चिन्हं, आणि कुणाच्याही कपड्यावरून टोमणे. कुणी मुलीचा रुमाल ओढला, तर तो शिस्तीचा किरकोळ प्रश्न राहत नाही. विनयभंगाच्या हेतूने स्त्रीवर बळ वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, आणि हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

घरच्या सक्तीची तुमची शंका आम्ही हलकी मानत नाही. अशी सक्ती असते, आणि ती मोडायला हवी. पण बंदीने ती मोडत नाही. ज्या घरात हिजाबाची सक्ती आहे, ते घर हिजाब नको म्हटल्यावर मुलीला पाठवणंच बंद करतं, आणि जिथे कुणी तिचं ऐकून घेईल अशी एकमेव जागाही तिच्या हातून जाते. त्यापेक्षा समुपदेशक किंवा एखादी विश्वासाची शिक्षिका नेमा. तिने कपड्यांचा विषय स्वतः काढू नये, अभ्यास, लग्नाची बोलणी, घरचा ताण याबद्दल विचारावं. मुलीने सक्तीचं सांगितलं तर ते पालकांपर्यंत जाता कामा नये. अठराच्या आतल्या मुलीसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक मुलींच्या स्वच्छतागृहात आतल्या बाजूला लावा, बाहेर सगळ्यांसमोर लावले तर कुणी उतरवून घेत नाही. आणि नियमात एक वाक्य हवंच: ‘धार्मिक पोशाख घालण्याची किंवा न घालण्याची सक्ती कोणीही कोणावर करणार नाही.’ हिजाब न घालणाऱ्या मुस्लिम मुलीला वर्गमैत्रिणी टोचत असतील, तर तिलाही याच वाक्याचा आधार मिळतो.

नियम कसा मंजूर झाला, हेही मजकुराइतकंच महत्त्वाचं. पदवी महाविद्यालयासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार महाविद्यालय विकास समिती असते. प्राचार्य तिचे सदस्य-सचिव, म्हणजे सध्या ते काम तुमच्याकडे. विषय तिथे ठेवा. प्रत्येक कलमासमोर कारण लिहा: प्रयोगशाळा, आग. परीक्षा, ओळख. ज्या कलमासमोर ‘धार्मिक तटस्थता’ याखेरीज काहीच लिहिता येत नाही, ते काढून टाका. बैठकीआधी हिजाब घालणाऱ्या, न घालणाऱ्या आणि आक्षेप घेणाऱ्या अशा सगळ्या विद्यार्थ्यांचं म्हणणं लेखी घ्या. लागू पुढच्या शैक्षणिक वर्षापासून करा आणि प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापा. प्रवेश घेताना नसलेली अट मध्येच लावली की मुलीला दुसरीकडे जायचा मार्गही उरत नाही. प्रयोगशाळेचा नियम मात्र आजपासून लावा, त्याला थांबायचं कारण नाही.

तक्रारीची वाटही त्याच कागदावर छापा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तक्रार निवारण समिती असावी लागते. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येतं. समिती कागदावरच असेल तर आधी ती उभी करा. अंतर्गत वाट चालू असली की बरीच प्रकरणं उच्च न्यायालयापर्यंत जात नाहीत. मुली गेल्याच तर त्यात कटुता धरू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ खाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे तुम्ही स्वतःच त्यांना सांगितलंत तर तुमच्या हेतूबद्दल शंका राहणार नाही.

फाटकाबद्दल एक सक्त सूचना. फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नाटकात काही ठिकाणी मुलींना आणि शिक्षिकांनाही फाटकावर, कॅमेऱ्यांसमोर हिजाब उतरवायला लावला होता. असा एक फोटो पसरला की नियम किती विचारपूर्वक लिहिला होता, हे कुणी विचारत नाही. कपड्यांवरून कुणालाही प्रवेशद्वारावर अडवायचं नाही, काही बोलायचं असेल तर महिला प्राध्यापिकेने खोलीत बोलायचं आणि त्या दिवसाचा तास बुडू द्यायचा नाही, हा आदेश शिपाई आणि सुरक्षारक्षकांना आजच लेखी द्या. त्याला समितीच्या मंजुरीची गरज नाही.

सचिव तरीही अडून बसले, तर त्यांच्याशी तोंडी वाद घालू नका. दोन परिच्छेदांचं पत्र द्या. पहिल्यात, या मजकुरावर अंमल करताना कोणत्या अडचणी येतील आणि सर्वोच्च न्यायालयाची २०२४ ची अंतरिम स्थगिती काय सांगते. दुसऱ्यात, तुमचा पर्यायी मसुदा. आवक नोंद झालेली प्रत स्वतःजवळ ठेवा. संस्थेला मूळ परिपत्रकच काढायचं असेल, तर ते विकास समितीच्या ठरावाने आणि अध्यक्षांच्या सहीने काढावं, आणि तुमचं भिन्न मत त्या इतिवृत्तात नोंदवावं, अशी मागणी करा.

— सल्ला सदर मंडळ